साहेबांच्या तोंडचा तो शब्द

पत्र

ताई, मी मूळची नाशिकची, वय २९. पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकले आणि दीड वर्षापूर्वी नोकरीसाठी स्टुटगार्टला आले. घरातलं हीटिंग फोनवरून चालवायचं ॲप आमची टीम करते. टीममध्ये चार देशांची माणसं, म्हणून मीटिंग इंग्रजीत. माझे साहेब जर्मन, पन्नाशीचे, शांत. आजवर कुणावर आवाज चढवलेला मी ऐकला नाही.

नव्या अपडेटनंतर जुनी यंत्रं ॲपला जोडता येणार नाहीत. ते ग्राहकांना कळवणारा मजकूर मी लिहिला होता. साहेबांनी तो वाचला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, 'यू विल गेट अ शिटस्टॉर्म.' कुणी दचकलं नाही. मला मात्र कानाखाली वाजल्यासारखं झालं. दोन रात्री नीट झोप नाही. पुढच्याच आठवड्यात शिकागोच्या भागीदार कंपनीबरोबर व्हिडिओ कॉल होता, तिथेही ते हाच शब्द दोनदा बोलले. समोरच्या बाई क्षणभर गप्प झाल्या. नंतर त्यांनी मला एकटीला मेसेज केला, 'तिकडे सगळं ठीक आहे ना?'

आता पुढच्या महिन्यात आम्ही शिकागोला जाणार आहोत. स्लाइड मी करतेय आणि साहेबांनी दिलेल्या मजकुरात दोन ठिकाणी हा शब्द ठळक अक्षरात आहे. इथली माझी मैत्रीण म्हणते, एचआरकडे तक्रार कर. आई म्हणते, मोठ्या माणसाच्या चुका काढू नयेत, गप्प बस. मला तर अजून हेच कळत नाही की माझा अपमान झाला की नाही.

– गोंधळलेली, स्टुटगार्ट

उत्तर

तू मला ताई म्हणालीस, म्हणून एकेरीतच लिहिते.

आधी तुझ्या शेवटच्या वाक्याचं बघू, कारण झोप त्याने उडवली आहे. तुझा अपमान झालेला नाही. साहेब त्या क्षणी तुझ्या बाजूने बोलत होते. पण तुला लागलं ते खरं आहे, त्यात तुझा हळवेपणा वगैरे काही नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते सांगते. त्यासाठी थोडी माझ्या आईची गोष्ट ऐकावी लागेल.

काही वर्षांपूर्वी आई हॉस्पिटलमध्ये होती. रात्रपाळीला एक तरुण बंगाली डॉक्टर असायचा, फार मायाळू पोरगा. पहिल्याच रात्री त्याने रिपोर्ट पाहिले, आईच्या उशाशी वाकला आणि हिंदीत म्हणाला, 'चिंता मत कीजिए, हम पूरी चेष्टा करेंगे.' आईचा चेहरा उतरला. तिने चादर गळ्यापर्यंत ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टर गेल्यावर मला म्हणाली, 'आजारी माणसाची चेष्टा करतात का गं?' मी समजावलं, बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हिंदीतही तोच अर्थ, तो शिकस्त करू म्हणत होता. आईला ते पटलं. तरी त्या रात्री ती जेवली नाही. अर्थ कळायला एक मिनिट पुरलं, मनातली कळ जायला सकाळ उजाडावी लागली.

तुझ्या बाबतीत हेच झालंय. फरक इतकाच की चेष्टा हा साधा सरळ शब्द आहे आणि तुझा शब्द एका भाषेत अगदी गटारातला आहे.

हा शब्द इंग्रजीतला, मूळ बोली भाषेतला. सगळीकडून एकदम चिघळलेला, आवरता न येणारा राडा, असा त्याचा अर्थ. दोस्तांत बोलतील, बिअर पिताना बोलतील. ऑफिसच्या स्लाइडवर कुणी लिहिणार नाही, आणि बरीच इंग्रजी वृत्तपत्रं तो छापताना मध्ये फुल्या टाकतात. जर्मन लोकांनी हा शब्द उचलला तो इंटरनेटच्या काळात. २०१० साली बर्लिनच्या रे:पुब्लिका परिषदेत साशा लोबो या लेखकाने यावर एक भाषण दिलं आणि तिथून तो जर्मनीभर झाला. मात्र उचलताना त्यांनी अर्थ बारीक केला. जर्मनमध्ये तो कुठल्याही राड्याला वापरत नाहीत. कंपनीने, नेत्याने, एखाद्या नटाने काही केलं आणि त्यावर इंटरनेटवर लोक हजारोंनी तुटून पडले, तर त्या भडिमाराला शिटस्टॉर्म म्हणायचं. त्यांच्या भाषेत या प्रकाराला नेमका शब्द नव्हता, तो मिळाला. २०११ चा 'वर्षातला इंग्रजी-उसना शब्द' म्हणून भाषातज्ज्ञांच्या मंडळाने याचीच निवड केली. २०१२ मध्ये स्वित्झर्लंडने त्याला वर्षाचा शब्द ठरवलं. २०१३ मध्ये तो डुडेन कोशाच्या छापील आवृत्तीत आला. श्टुर्म म्हणजे वादळ हे जर्मनमध्ये पुल्लिंगी, म्हणून हाही 'डेअर शिटस्टॉर्म' झाला. लिंग मिळालं, अनेकवचन मिळालं, कोशात घर मिळालं. आता तो जर्मनच आहे.

किती जर्मन, ते बघ. डिसेंबर २०१८ मध्ये न्यूरेंबर्गला सरकारची डिजिटल परिषद होती. तिथे चॅन्सेलर अंगेला मेर्कल व्यासपीठावरून बोलल्या. २०१३ साली ओबामांच्या शेजारी उभं राहून त्या म्हणाल्या होत्या की इंटरनेट आपल्या सगळ्यांसाठी अजून नवा मुलूख आहे, आणि त्यावरून त्यांची भरपूर टिंगल झाली होती. त्याची आठवण काढून त्या म्हणाल्या, 'त्यावरून माझ्यावर मोठा शिटस्टॉर्म झाला.' पाद्र्याची मुलगी, शास्त्रज्ञ, तेव्हा तेरा वर्षं देशाच्या प्रमुख. जर्मनांना त्यात काही वावगं वाटलं नाही. इंग्रजी वृत्तपत्रांनी मात्र त्याचीच बातमी केली, आणि त्यांच्यातल्या काहींना ती बातमी देताना तो शब्द कसा छापायचा हाच प्रश्न पडला.

तुझे साहेब या जर्मन शब्दाचे मालक आहेत. त्यांच्या कानाला त्यात घाण येतच नाही. शिवी बोचते ती लहानपणी तिच्यापायी खाल्लेल्या फटक्यामुळे. जर्मन मुलाला 'शाइसऽ' (त्याच अर्थाचा जर्मन शब्द) म्हटल्यावर आजी रागावते, 'शिट' म्हटल्यावर कुणी रागावलेलं नसतं. आपलंही तेच ना. दूध उतू गेलं की आपल्या शिकलेल्या पोरी पटकन 'ओह शिट' म्हणतात. त्याचा मराठी प्रतिशब्द त्याच ओट्यापाशी, त्याच आवाजात म्हणतील का? परक्या भाषेतली घाण हाताला चिकटत नाही. तू मात्र हा शब्द इंग्रजी शाळेतल्या कानांनी ऐकलास. तिथे तो फळ्यावर लिहिला असता तर मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर उभं राहावं लागलं असतं.

मराठीत या शब्दाच्या जवळ जाणारं काय, याचा मी दोन दिवस विचार करत होते. चिखलफेक म्हणावं तर त्यात राजकारण येतं. शेण तर आपल्याकडे सारवायलाही लागतं आणि तोंडात घालायलाही. मग शिमगा आठवला. होळी पेटली की तोंडावर उलटा हात मारत बोंब ठोकायची, त्या दिवसापुरत्या शिव्यांनाही मुभा. वर्षभर मात्र 'शिमगा केला' हे आपण सहज बोलतो, मथळ्यात छापतो. त्यामागच्या शिव्या कुणाला ऐकू येत नाहीत. उद्या नाशिकचे तुझे जुने साहेब म्हणाले असते, 'अगं, हा मजकूर असाच गेला तर लोक शिमगा करतील,' तर तू म्हणाली असतीस, 'हो सर, बदलते.' झोप उडाली नसती. स्टुटगार्टच्या साहेबांनी तुला एवढंच सांगितलं.

आता त्यांच्या वाक्यातला दुसरा शब्द. तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि तुझं तिकडे लक्ष गेलेलं नाही. 'यू.' तू रानडेत जर्मन शिकलीस म्हणजे 'मान' हे सर्वनाम तुला पाठ असणार. जर्मनमध्ये कुणा एकाचं नाव न घेता बोलायचं असलं की 'मान' येतो, आपण 'माणसाने कसं वागावं' म्हणतो तसा. हीच माणसं इंग्रजी बोलायला लागली की त्या 'मान'चं हमखास 'यू' होतं. साहेबांच्या मनातलं वाक्य बहुतेक असं असणार: 'डा क्रीग्ट मान आइनन शिटस्टॉर्म.' अशाने शिमगा होतो. तुझ्या कानावर आलं: तुझा शिमगा होणार. 'मान'चं 'यू' करताना बोट तुझ्याकडे वळलं, आणि ते वळवणारा तिथे कुणीच नव्हता. तूच लिहिलंयस की ते वाचल्यावर लगेच म्हणाले. म्हणजे मजकूर बाहेर जायच्या आधी. अपमान करायचा असता तर जाऊ दिला असता.

म्हणून एचआरचा विचार मनातून काढून टाक. तुझी मैत्रीण तुझ्या काळजीने बोलली, पण या तक्रारीत काहीच उभं राहणार नाही आणि एका भल्या माणसाच्या फायलीत विनाकारण कागद जाईल. ज्या दिवशी कुणी तुला, तुझ्याकडे बघून, 'तू अमुक आहेस' असं काही घाण बोलेल, तो दिवस वेगळा. जर्मनीत माणसाचा अपमान हा दंडसंहितेच्या कलम १८५ खाली गुन्हा आहे, आणि तिथली माणसं ते जाणून असतात. त्या दिवशी गप्प बसू नकोस, आई काहीही म्हणो. पण हा शब्द घटनेसाठी आहे, माणसासाठी नाही.

शिकागोची गोष्ट निराळी, आणि इथे मात्र मी तुझ्या आईच्या विरुद्ध बोलणार आहे. गप्प बसू नकोस.

अमेरिकेत या शब्दाचं वजन किती, ते तुझ्या साहेबांना माहीत नसणार. १९७३ साली न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्राने एका विनोदवीराचं स्वगत भर दुपारी लावलं. टीव्हीवर बोलायला बंदी असलेल्या सात शब्दांवर ते होतं आणि त्या सातांत हा 'शिट' होता. एका बापाने आपल्या मुलासोबत गाडीत ते ऐकलं आणि तक्रार केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९७८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की सरकारला अशा भाषेवर रेडिओ-टीव्हीवर अंकुश ठेवता येतो. आजही तिथल्या मोफत वाहिन्यांवर सकाळी सहा ते रात्री दहा असली भाषा चालत नाही. त्या देशातली बाई कामाच्या कॉलवर हा शब्द दोनदा ऐकते. तिला वाटतं, हा माणूस एक तर संतापलाय, नाहीतर खचलाय. म्हणूनच तिने तुला विचारलं, सगळं ठीक आहे ना. तिचा प्रश्न खवचट नव्हता, काळजीचा होता. (तिला अजून उत्तर दिलं नसशील तर आजच दे: सगळं उत्तम आहे, जर्मनमध्ये हा रोजचा शब्द आहे, इंटरनेटवरच्या संतापाला म्हणतात. एवढं पुरे. साहेबांच्या इंग्रजीवर तिच्याशी एक अक्षरही जास्त बोलू नकोस.)

आता विचार कर. तुझे साहेब शिकागोच्या खोलीत दहा अनोळखी माणसांसमोर उभे आहेत, मागे पडद्यावर तो शब्द हातभर अक्षरांत. ते आपले नेहमीसारखे शांतपणे बोलतायत आणि समोरची माणसं एकमेकांकडे बघतायत. त्यांना कारण कधीच कळणार नाही. आणि तुला सगळं माहीत असूनही तू ती स्लाइड केलेली असेल. मोठ्या माणसाचा मान राखणं म्हणजे त्याला असं उघड्यावर जाऊ देणं नव्हे. तुझी आई तिथे असती आणि साहेबांच्या शर्टाचं बटण उघडं दिसलं असतं, तर तिने सभेआधी कुणाला तरी पाठवून कानात सांगितलंच असतं.

माझ्या आईने काय केलं ते राहिलंच. दुसऱ्या रात्री तो डॉक्टर आला तेव्हा ती उठून बसली होती. आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, 'डॉक्टरसाब, हमारे मराठी में चेष्टा मतलब मस्करी होता है. दूसरे पेशंट को मत बोलना, वो रोएगा.' पोरगा आधी काही बोललाच नाही. मग स्टेथोस्कोप गळ्यात तसाच ठेवून दोन्ही कान पकडले. त्यानंतर आई घरी येईपर्यंत रोज रात्री दारातूनच म्हणायचा, 'आजी, कोशिश चालू है.' त्याला राग आला नाही, उलट त्या दोघांची गट्टी झाली. तिने रागाने नाही सांगितलं, चारचौघांत नाही सांगितलं, आणि सांगताना तिला काळजी दुसऱ्या पेशंटची होती.

तूही असंच सांग. सगळ्यांसमोर नको आणि ईमेलमध्ये तर नकोच, लिहिलेलं जर्मन वाचताना फार कोरडं लागतं. जर्मन माणसं 'उंटर फिअर आउगन' म्हणतात, फक्त चार डोळ्यांच्या साक्षीने. कॉफीच्या मशीनपाशी किंवा त्यांच्या खोलीचं दार लोटून. विचार: 'डार्फ इश ईनेन कुर्त्स एत्वास त्सुम एंग्लिशन झागन?' तुम्हाला इंग्रजीबद्दल एक छोटीशी गोष्ट सांगू का? आणि मग एकच वाक्य: 'इन आमेरिका इस्ट डास वोर्ट फील डेर्बर आल्स बाय उन्स.' अमेरिकेत हा शब्द आपल्याकडच्यापेक्षा फार ओबडधोबड लागतो. त्यातलं 'बाय उन्स' गाळू नकोस. 'आपल्याकडे' म्हटलंस की तू त्यांच्या बाजूला उभी राहिलीस, समोर नाही. तुमच्यात 'डू', म्हणजे अरेतुरे, चालत असेल तर 'ईनेन'च्या जागी 'डिअर' म्हण.

नुसतं 'चुकलंय' एवढं सांगून थांबू नकोस, हातात पर्याय घेऊन जा. पहिल्या स्लाइडवर 'ऑनलाइन बॅकलॅश' हा शब्द नेमका बसेल, जर्मन शब्दात जो अर्थ आहे जवळजवळ तोच. दुसऱ्या स्लाइडवर जुन्या यंत्रांच्या मालकांचा विषय असेल, तर 'कस्टमर आउटक्राय' लिही. दोन्ही स्लाइड आधीच दुरुस्त करून, छापून ने. तुला वाटतंय तेवढं हे अवघड जाणार नाही. बहुतेक जर्मन साहेबांना कामातली चूक वेळेत दाखवणारं माणूस आवडतं, ते तिला मदत समजतात. अर्थात ती आधी कळायला हवी. शिकागोहून परत आल्यावर सांगितलंस तर ते नक्की विचारतील, तेव्हाच का नाही बोललीस.

हातासरशी बाकीच्या स्लाइडही चाळ. इंग्रजी दिसणारे पण जर्मनीत वेगळे झालेले आणखी काही शब्द या मंडळींच्या तोंडी बसलेले असतात. मोबाइलला ते 'हँडी' म्हणतात, अमेरिकन माणसाला त्याचा अर्थ सोयीचं. प्रोजेक्टरला 'बीमर' म्हणतात, अमेरिकन बोलीत ती बीएमडब्ल्यू गाडी. म्हणजे साहेबांनी शिकागोत पोचल्यावर 'खोलीत बीमर आहे का' विचारलं, तर समोरचा बिचारा पार्किंगकडे बघेल. यांनी कुणी बिघडत नाही, कळून जातं. एकच जपायचा, 'पब्लिक व्ह्यूइंग'. २००६ ला फुटबॉलचा विश्वचषक जर्मनीत झाला तेव्हा चौकाचौकात मोठे पडदे लावून लोकांनी एकत्र सामने पाहिले, त्याला हे नाव पडलं. अमेरिकेत त्याचा अर्थ लागतो मृताचं अंत्यदर्शन. ॲपच्या अनावरणाच्या कार्यक्रमाला साहेबांनी हे नाव दिलं असेल, तर त्याच कॉफीच्या वेळी हेही सांगून टाक.

आणि ते बोलणं झालं, दोघांना मोकळं वाटलं, तर तुझी त्या दिवसाची गोष्टही त्यांना सांग. हवी तर सांग, सक्ती नाही. 'तुमच्या त्या वाक्याने मी दोन रात्री झोपले नव्हते.' तक्रार म्हणून नको, हकिगत म्हणून. त्यांना बहुतेक धक्का बसेल. बसू दे. आवाज न चढवणाऱ्या माणसाला आपल्या बोलण्याने कुणाला लागलं हे कळलेलं बरं असतं, आणि तुझ्यानंतर टीममध्ये येणाऱ्या पोरीला ते 'यू' वेगळं ऐकू येईल.

जर्मन बोलताना तुझंच काही उतू गेलं तर वापरायला एक शब्द देते. 'झो आइन मिस्ट.' बालवाडीपासून साहेबांपर्यंत सगळ्यांसमोर चालतो. इंग्रजीत मिस्ट म्हणजे धुकं. जर्मनमध्ये त्याचा अर्थ शेणखत.